वादग्रस्त इतिहासावर डॉक्युमेंटरी करायचीय, कोणाचं काम बघू?

ब्यन यंग-जू. कोरियन दिग्दर्शिका आहे, १९६६ चा जन्म. मी स्वतः एडिटिंग करते आणि नवीन शूट हातात आलं की अजून तिचं काम आठवतं.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या मुलींना लैंगिक गुलाम केलं, त्यांच्यावर तिने तीन फिल्म केल्या, १९९५, १९९७ आणि १९९९. विषय तिला शोधून सापडला नाही, ती जेजू बेटावर सेक्स टुरिझमवर काम करत होती, तिथे एक बाई भेटली जी आईच्या ऑपरेशनसाठी या धंद्यात आलेली, आणि ती आई म्हणजे त्या युद्धातल्या मुलींपैकीच एक.

आता वाद काय, तर जबरदस्ती झाली याचे कागद दाखवा असं जपानमधले उजवे आजही म्हणतात. त्या मुलींपैकी एक, तोवर आजी झालेल्या किम हाक-सून, १९९१ मध्ये पहिल्यांदा उघडपणे बोलल्या, जानेवारी १९९२ पासून सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शनं सुरू झाली. ब्यन कागदांच्या मागे लागलीच नाही. ती या आज्या (कोरियनमध्ये हालमनी) जिथे एकत्र राहायच्या त्या घरी जात राहिली. पैसे नव्हते, लोकांनी शंभर-शंभर फूट फिल्मचा खर्च उचलला, आणि १९९५ ची ती फिल्म कोरियात थिएटरला लागलेली पहिली डॉक्युमेंटरी ठरली.

मला सगळ्यात जास्त पटतं ते पुढचं. दुसऱ्या फिल्मच्या वेळी कांग दक-ग्यंग आजींना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आणि त्यांनीच सांगितलं की माझं शूटिंग करा. आज्या भाजी लावतायत, एवढाले भोपळे काढतायत, हसतायत, आम्हाला असं दाखवा हे त्या स्वतः सांगतात. तिसऱ्या फिल्ममध्ये तर ई योंग-सू आजीच बाकीच्यांना प्रश्न विचारतात, आणि जे त्यांच्यासमोर बोललं जातं ते आपल्यासारख्या माइक घेऊन गेलेल्या परक्या पोरीसमोर कोणी बोललं असतं असं मला अजिबात वाटत नाही. एका आईला वाटत असतं की आपल्या लेकीला यातलं काही माहीत नाही, आणि लेकीला सगळं माहीत असतं.

पुढे २००२ पासून ती फिक्शनकडे वळली, २०१२ चा हेल्पलेस हा सिनेमा तिचाच.

बघताना १९९५ च्या फिल्मपासूनच सुरू करा. कांग आजींना आधी धडधाकट, बोलताना पाहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या फिल्ममधला त्यांचा तो बारीक झालेला चेहरा तुम्हाला नुसता एक आजारी चेहरा वाटेल.