तेलात बुडवलं तरी ‘पाणी दिलं’ म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुरीचं पातं लालबुंद करून आपण तेलात बुडवतो, तरी लोहारकामातली जुनी माणसं त्याला ‘पाणी देणं’ म्हणतात, हे चूक नाही का, सरळ क्वेंचिंग (तापलेलं पोलाद बुडवून झटकन थंड करून कडक करणं) म्हणू नये का? आणि काही जण टेम्परिंगलाही, म्हणजे कडक झालेलं पातं परत तापवून थोडं नरम करण्यालाही, पाणी देणंच म्हणतात, मग दोन्हीत फरक कसा करायचा?

चूक अजिबात नाही. उलट मला तर ‘पाणी देणं’ हाच जास्त नेमका शब्द वाटतो, कारण यातलं पाणी बादलीतलं नाहीच, ते पात्यात येतं ते पाणी आहे. मोत्याचं पाणी, हिऱ्याचं पाणी, पाणीदार डोळे, एखाद्याचं पाणी जोखणं, यातल्या कशातही ओलावा नाही, आहे ते तेज आणि दम. फारसीतला आब तसाच, मूळ अर्थ पाणी, पण झळाळी आणि तलवारीचं पाणी हेही त्याचेच अर्थ, आणि आपण ‘आब राखून’ बोलतो तो शब्दही तिथलाच. म्हणजे पाणी हे गुणाचं नाव झालं, तो गुण कशात बुडवून आणला ही पुढची गोष्ट, त्यामुळे ‘तेलात पाणी दिलं’ हे वाक्य ऐकायला विचित्र वाटलं तरी मराठी म्हणून शंभर टक्के बरोबर आहे.

याला आधारही चांगला जुना आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या ८ व्या अध्यायात शल्यकर्माच्या शस्त्रांची ‘पायना’ सांगितलीय, पायना म्हणजे पाजणं, आणि ती तीन प्रकारची: क्षाराच्या पाण्यात, साध्या पाण्यात आणि तेलात. क्षार पाजलेलं शस्त्र बाण आणि हाड कापायला, पाणी पाजलेलं मांसाला, तेल पाजलेलं शिरा आणि स्नायूंच्या कामाला. हा क्रम भट्टीवर काम करणाऱ्यानं जरा थांबून बघावा, कारण मीठ किंवा क्षार मिसळलेलं पाणी तापलेल्या पोलादाभोवतीचा वाफेचा थर लवकर फोडतं म्हणून सगळ्यात झपाट्यानं थंड करतं, साधं पाणी त्याच्या खाली आणि तेल सगळ्यात सावकाश, आजही आपण हाच क्रम धरतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता! सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही तलवारीच्या प्रकरणात ‘शस्त्रपान’ येतं, तिथे रक्त, तूप, पाणी असे पर्याय आहेत आणि कोणत्या इच्छेसाठी कोणतं ते सांगितलंय. ते फळ बाजूला ठेवा, शब्द बघा, तूप पाजलं तरी ‘पान’च.

म्हणजे लोखंड पितं ही कल्पना आपल्याकडे मुरलेलीच आहे. इंग्रजीतल्या क्वेंचमध्येही तहान भागवणं आहेच की.

आणि धार लावण्यासाठी आपण ‘पाजवणं’ म्हणतो तो याच घरातला शब्द असं मी धरतो, कारण संस्कृत ‘पायना’चा अर्थ कोशात पाजणं आणि धार लावणं असा दोन्ही आहे. इथे एक गोंधळ फार दिसतो तोही सांगतो. विळी पाजवतात. पाजळतात तो दिवा, त्याचं मूळ प्रज्वलनात आहे. आता हत्यारं पाजळली असंही सर्रास ऐकू येतं, ते रूढ झालंय त्यामुळे मी कुणाला अडवणार नाही, पण स्वतः लिहिताना पाजवणंच लिहितो. परजणं मात्र वेगळं, तलवार परजली म्हणजे वाराच्या तयारीनं उगारली, फिरवली, तिथे सहाणेचा काही संबंध नाही.

आता टेम्परिंग. गोंधळ का होतो ते आधी बघू, कारण तो फक्त मराठीत नाही. टेम्पर हा लॅटिनमधून आलेला शब्द, प्रमाणात मिसळणं, बेतात आणणं अशा अर्थाचा, आणि त्याच मुळापासून आलेला फ्रेंच शब्द ‘त्राँपे’ आज बुडवून कडक करण्यासाठी वापरतात, तर इंग्रजीत टेम्पर म्हणजे नंतर परत तापवून थोडं नरम करणं. एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ झाले तर आपल्याकडे दोन क्रियांना एक शब्द राहिला यात नवल नाही. पण काम करताना फरक लागतोच. १०८४ नंबरचं पोलाद घ्या, शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बन साधारण ०.८४ टक्के. चुंबक चिकटेनासं होतं साधारण ७७० अंश सेल्सिअसला, त्याच्या थोडं वर, ८१५ च्या आसपास नेऊन कोमट तेलात सरळ खाली घातलं की पातं कडक होतं, कानस घासली तर चावत नाही, नुसती घसरते. हे झालं पाणी देणं. पण असं पातं काचेसारखं असतं, हातातून पडलं तर तुकडा उडू शकतो. (मी सुरुवातीला गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून केलेलं पातं तेलाऐवजी साध्या पाण्यात घातलं होतं, बादलीतून ‘टिक’ असा बारीक आवाज आला आणि धारेपासून वरपर्यंत केसासारखी चीर, तो आवाज अजून आठवतो.) म्हणून लगेच २०० अंशांच्या आसपास दोन तास तापवत ठेवायचं, थंड करून परत दोन तास, घासून उजळ केलेल्या भागावर फिका गवती रंग येईपर्यंत. याला मी ‘पाणी उतरवणं’ म्हणतो आणि तुम्हीही म्हणा असं सुचवेन. दिलं आणि उतरवलं, जोडी जमते, आणि क्रमही आपोआप लक्षात राहतो.

फक्त एक काळजी घ्या, पाणी ‘उतरवणं’ आणि ‘उतरणं’ वेगळं ठेवा. उतरवणं आपण मोजून करतो, उतरणं म्हणजे नुकसान. ग्राइंडरवर धार काढताना घाई झाली आणि टोकाशी निळा डाग आला तर तेवढी जागा ३०० अंशांच्या घरात गेली, तिथलं पाणी उतरलं. तो रंग पॉलिशनं जातो पण पाणी परत येत नाही, निळं झालेलं तेवढं घासून काढायचं, नाहीतर पातं पुन्हा भट्टीत घालून पहिल्यापासून पाणी द्यायचं.