मुलं फेरफारापर्यंत पोचली तेव्हा

घरातलं जुनं दुखणं मुलांना सांगावं का, हा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. नाव आणि पैसा असलेल्या घरांत तर हमखास. एका घराचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सांगलीकडचं हळदीच्या अडत व्यापाऱ्यांचं एकत्र कुटुंब. आई म्हणाली, “मॅडम, दोघं चुलत भावंडं अभ्यास सोडून कपाटं उचकतात. मी आले की गप्प.” मुलगा अकरावीत, तिची मुलगी नववीत.

मुलीने मला मोबाइलवर फोटो दाखवले. आजोबांच्या एकसष्टीच्या फोटोतून कडेची एक मुलगी कात्रीने कापलेली, पण आजीच्या खांद्यावरचा तिचा हात तेवढा राहून गेलेला. मग फडताळात एका संस्थेच्या दरमहाच्या पावत्या सापडल्या. शेवटी मुलाने जमिनीचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची सरकारी नोंद, ऑनलाइन काढला. आजोबांच्या वारसांत आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी, जिचं नाव घरात कुणी कधी घेतलंच नव्हतं. हिश्श्यासाठी तिचं काहीतरी बरंवाईट केलंय, असं दोघांनी धरलं होतं. वडिलांच्या शेजारी बसून जेवायचं तर मुलीला घास उतरत नव्हता.

खरं एवढंच होतं, की आत्याला तरुणपणी स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार झाला. भावांची लग्नं अडतील म्हणून तिला संस्थेत ठेवलं आणि विषय बंद केला. वडील दर महिन्याला ‘मालाच्या कामाला’ म्हणून तिलाच भेटायला जात. मुलांनी त्यांच्याबद्दल काय समजून घेतलंय, हे ऐकल्यावर ते स्वतः सांगायला तयार झाले. माझ्यासमोरच बोलले.

मुलाने आधी विचारलं, “आम्हालाही होईल?” हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. आत्याला असेल तर शक्यता थोडी वाढते, तरी बहुतेक भाचरांना होत नाही. गांजापासून मात्र लांबच राहायचं. झोप उडाली, विनाकारण संशय येऊ लागला, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा.

मुलीचा प्रश्न वेगळा होता: “मग ती घरी का नाही?” 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला संस्थेत ठेवता येत नाही. वडिलांना हे ठाऊक नव्हतं. आता आत्याच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं सुरू झालंय आणि पुढच्या भेटीला मुलंही जाणार आहेत. आजीचा अजून विरोध आहे. त्यांच्याशी मी वेगळी बोलणार आहे.