टाकीवरचा पट्टा आणि टाकीतला वायू

तुमचा प्रश्न असा: नायट्रॉक्सचा (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या डायव्हिंगच्या वायूचा) कोर्स झाला, ॲल्युमिनियमची स्वतःची टाकी आहे, ती आता ‘ऑक्सिजन क्लीन’ (शुद्ध ऑक्सिजन भरता येईल इतकी साफ) करून घ्यावी लागेल की हिरवा-पिवळा पट्टा चिकटवला की भागेल? आधी एक चौकशी करा. तुमची टाकी जिथे भरून मिळते, तिथे नायट्रॉक्स बनवतात कसा?

शेवटी टाकीत किती टक्के ऑक्सिजन उरतो, यापेक्षा भरताना तिला काय सोसावं लागतं ते महत्त्वाचं. मेंब्रेन (हवेतला नायट्रोजन गाळून काढणारी यंत्रणा) असेल किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच ऑक्सिजन मिसळत असतील, तर टाकीत येतो तो तयार नायट्रॉक्स, बहुधा ४० टक्क्यांच्या आतला. पण पार्शल प्रेशर पद्धतीत रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वर हवा भरतात. २०० बार दाबाचं ३२ टक्के मिश्रण करायचं तर सुरुवातीला साधारण २८ बार निव्वळ ऑक्सिजन आत जातो. म्हणजे तुम्ही श्वासात ३२ टक्केच घेणार असलात, तरी तुमच्या व्हॉल्व्हने आणि ओ-रिंगने (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याने) १०० टक्के सोसलेला असतो. “मी कधी ३२ च्या वर जात नाही, मला क्लीनिंग कशाला?” हा युक्तिवाद इथेच कोसळतो.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळण्यासारखं काही सापडलं तर ते फार सहज आणि जोरात पेटवतो. टाकीत जळण्यासारखं काय असतं? कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश, चुकीचं ग्रीस, रबर, धातूचा कीस, गंजाची पापडी. ठिणगीही बाहेरून लागत नाही. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की वायू पुढच्या बंद जागेत एकदम दाबला जातो आणि त्या दाबण्यानेच तापतो. तेलाचा अंश पेटायला तेवढी उष्णता पुरते. म्हणून ऑक्सिजन भरणारा माणूस व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडतो आणि वायूही हळूहळू सोडतो. तो घाई करताना दिसला तर मी माझी टाकी उचलून परत घेऊन जाईन.

बहुतेक डायव्हिंग संस्था ४० टक्क्यांची रेघ पाळतात: तयार मिश्रण त्याच्या आत असेल तर साधी, नीट ठेवलेली टाकी चालते, त्यापुढे किंवा शुद्ध ऑक्सिजन आत जाणार असेल तर क्लीनिंग हवंच. काही उत्पादक मात्र २३.५ टक्क्यांच्या वर गेलं की ऑक्सिजनचेच नियम लावा म्हणतात. तुमच्या टाकीच्या कंपनीचं म्हणणं वाचा. वाद झाला तर मी कडक बाजू धरतो.

क्लीनिंगमध्ये दोन वेगळी कामं असतात आणि लोक ती एकच समजतात. एक सफाई: व्हॉल्व्ह पूर्ण सुटा करून, टाकी आतून डिटर्जंटने धुऊन, खळबळून, पूर्ण सुकवून, पांढऱ्या आणि अतिनील प्रकाशात तपासायची. अतिनील प्रकाशात काही दिसलं नाही म्हणजे तेल नाहीच असं धरू नका, कारण सगळीच तेलं त्यात चमकत नाहीत. दुसरं म्हणजे सुटे भाग ऑक्सिजनला चालतील असे बसवायचे: नेहमीच्या नायट्राइल ओ-रिंगऐवजी बहुधा व्हायटनच्या, आणि सिलिकॉन ग्रीसऐवजी क्रिस्टोल्यूब किंवा क्रायटॉक्ससारखं ऑक्सिजनसाठीचं ग्रीस. चकाचक धुतलेल्या टाकीला नेहमीचं सिलिकॉन ग्रीस लावलं की सगळी मेहनत पाण्यात. बोटीवर व्हॉल्व्हची ओ-रिंग फाटली की कुणीतरी मदतीच्या भावनेने खिशातली रिंग काढून, बोटाने ग्रीस फासून बसवून देतं. अशी मदत नम्रपणे नाकारा. हे घरी करू नका, प्रशिक्षित टेक्निशियनकडेच द्या.

ही सफाई किती टिकते ते मात्र फार कमी जण विचारतात. टाकी एकदा जरी साध्या कॉम्प्रेसरच्या साध्या हवेने भरली, तरी ती ‘क्लीन’ राहिली असं धरता येत नाही. साधी डायव्हिंगची हवा श्वासासाठी उत्तम असते, पण तिच्यात तेलाचा जो अंश चालतो तो ऑक्सिजनच्या कामासाठी जास्त होतो. त्यासाठी जादा फिल्टर केलेली हवा लागते. तेव्हा एक टाकी नायट्रॉक्सलाच राखून ठेवायची आणि ती दिसेल तिथे भरून घ्यायची नाही. दरवर्षीच्या आतल्या तपासणीला सफाईचीही खात्री करून घ्या आणि हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी टाकीची चाचणी) झाली की सफाई नव्याने करून घ्या.

आता स्टिकर. टाकीवर तीन प्रकारची माहिती असते, आणि गोंधळ होतो तो एकीचं काम दुसरीवर ढकलल्याने. हिरवा-पिवळा ‘नायट्रॉक्स’चा रुंद पट्टा एवढंच सांगतो की आत हवा नसेल, सावध राहा. तपासणीचा स्टिकर सांगतो की टाकी कधी पाहिली आणि ती ऑक्सिजनसाठी साफ आहे की नाही. आत्ता आत काय आहे, हे फक्त तिसरी गोष्ट सांगते: मास्किंग टेपचा तुकडा आणि त्यावर मार्करने लिहिलेले आकडे. महागडा पट्टा नसला तरी एकवेळ चालेल, पण टेप नसलेल्या टाकीवर मी पाण्यात उतरणार नाही. पट्ट्याची पद्धतही सगळीकडे सारखी नाही. युरोपात तर नायट्रॉक्ससाठी एम-२६ आट्यांचा वेगळा व्हॉल्व्हही आढळतो आणि त्याला नेहमीचा रेग्युलेटर (टाकीला जोडून ज्यातून श्वास घेतो तो) बसत नाही, हे प्रवासाआधी विचारून घ्या.

टेपवर ऑक्सिजनचे टक्के, एमओडी म्हणजे कमाल खोली, तारीख आणि मोजणाऱ्याची सही. मोजणारा म्हणजे ती टाकी वापरणारा. दुकानातल्या माणसाने मोजलं असलं तरी तुम्ही पुन्हा मोजा. त्यात त्याचा अपमान नाही आणि चांगल्या दुकानात तोच ऑक्सिजन मोजायचा ॲनालायझर पुढे करतो. आधी हवेवर २०.९ ला लावून घ्या, मग टाकीचा वायू तेवढ्याच संथ प्रवाहाने सोडा, आकडा स्थिर होऊ द्या. आकडा सरकतच राहिला किंवा हवेवरच नीट लागत नसेल, तर सेन्सर म्हातारा झाला आहे. मोजल्याबरोबर, टाकी हातात असतानाच टेप लावा. रांगेत सहा टाक्या मोजून नंतर एकदम टेप लावणं म्हणजे अदलाबदलीला आमंत्रण.

आकडा मागितलेला नव्हे, मोजलेला लिहा. श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, या मर्यादेने ३२ टक्क्यांना एमओडी ३३ मीटर येते, ३६ ला २८. पण ३२ मागितलं आणि ॲनालायझरने ३३.६ दाखवलं, तर तुमची मर्यादा ३१ मीटर झाली. हिशेब सोपा: १.४ भागिले ऑक्सिजनचा अंश (३२ टक्के म्हणजे ०.३२), त्यातून १ वजा, गुणिले १०. अपूर्णांक आला की खालचा मीटर धरा. खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्येही टेपवरचाच आकडा घाला. मर्यादा ओलांडली तर ऑक्सिजनच्या विषारीपणाने झटके येतात, बऱ्याचदा पूर्वसूचनेशिवाय, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. टेक्निकल डायव्हर जास्त टक्क्यांच्या टाक्यांवर एमओडी हातभर मोठ्या आकड्यांत लिहितात ती यासाठीच: ५० टक्क्यांची टाकी कुणी ४० मीटरवर तोंडात घेतली तर ऑक्सिजनचा दाब २.५ बार होतो, आणि जोडीदाराला ते लांबूनच दिसायला हवं.

जुनी टेप काढायचा आळस सगळ्यात वाईट. ५० बार ३२ टक्के उरलेल्या टाकीवर कुणी १५० बार हवा भरली, तर आत २४ च्या आसपास ऑक्सिजन असतो आणि टेप ३२ म्हणत राहते. ती विश्वासाने घेणाऱ्याचा कॉम्प्युटर नायट्रोजनचा हिशेब कमी धरतो, म्हणजे विषारीपणाऐवजी डीकम्प्रेशनचा (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका. म्हणून भरायला देतानाच जुनी टेप फाडून टाका.

रेग्युलेटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ४० टक्क्यांपर्यंत बहुतेक कंपन्या तो जसा आहे तसा चालवून घेतात. त्यापुढे जायचं असेल तर त्याचीही टाकीसारखीच सफाई लागते. नक्की काय ते त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा.