स्टेपमध्ये, म्हणजे कोरड्या गवताळ मैदानात, झाडं लावायची आहेत?
रोपांची घाई नको. आधी एक हंगाम जमीन नांगरून मोकळी ठेव, ओल साठू दे. स्टेपमध्ये रोपाचा खरा वैरी गवत. त्याच्या मुळांचं दाट जाळं वरचं पाणी पिऊन टाकतं. माझी पहिली ओळ अशीच गेली. रोप उपसून पाहिलं, तर मुळाशी माती पिठासारखी कोरडी! म्हणून फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत खुरपणी चालूच ठेव. युक्रेनच्या स्टेपमधलं वेलिको-अनादोल जंगल १८४३ पासून माणसांनीच लावलंय, तेव्हा जमतं. झाडांचा पट्टा वाऱ्याला आडवा, पण भिंतीसारखा गच्च नको. थोडा वारा आरपार गेला की बर्फ शेतभर पसरतो. गुरांसाठी कुंपण आणि वणव्यासाठी कडेनं नांगरलेली पट्टी मात्र लावणीच्या आधीच.