‘पडले’चं ‘पडलो’ झालं तेव्हा

“मॅडम, इंग्लिश येतं हो, पण सायकलवर काय बोलायचं?”

हा प्रश्न मी आता मोजायचा सोडून दिलाय. कुणाला सायकलऐवजी पाऊस नडतो, कुणाला शेजारी. माझी खोली कोल्हापुरात राजारामपुरीत, आजूबाजूला आयईएलटीएसचे, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्लिशच्या परीक्षेचे क्लास. त्या परीक्षेत असल्या साध्या विषयांवर बोलावं लागतं. तिथून वैतागून बाहेर पडलेली पोरं खाली चहा घेतात आणि माझा जिना चढतात. मी समुपदेशक, काही इंग्रजीची बाई नव्हे. पण ‘येत असून बोलता येत नाही’ म्हटल्यावर प्रकरण माझ्याच टेबलावर येतं.

त्यातलीच एक, तिला मेघा म्हणू. नर्स, वय सत्तावीस, माहेर वडणग्याचं. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणीला या परीक्षेत बोलण्यात, ऐकण्यात आणि वाचनात नऊपैकी ७ लागतात, लिहिण्यात ६.५. बोलण्यात तिला दोन वेळा ६ मिळाले होते आणि दुसऱ्या वेळी विषय होता सायकल. “सायकल! मॅडम, शाळेत रोज सायकलनं गेलेली मी,” असं म्हणून ती रडायलाच लागली.

तिनं सराव चाचणीतलं रेकॉर्डिंग ऐकवलं. प्रश्न साधा होता, तू सायकल चालवतेस का? उत्तर आलं की सायकल हे प्रदूषण न करणारं वाहन आहे, आरोग्याला हितकारक आहे, शहरातली वाहनांची गर्दी तिच्यामुळं कमी होते. व्याकरण चोख. मग समोरचा मध्येच तोडून पुढचा प्रश्न विचारतो आणि इथून हिचा आवाज बसत जातो. थांबवलं म्हणजे चुकलंच, हा तिचा हिशेब. वास्तविक बोलण्याची अख्खी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. त्यातला हा पहिला भाग चार-पाच मिनिटांचा, आणि तेवढ्यात परीक्षकाला बरेच प्रश्न उरकायचे असतात. तो तोडणारच. हे तिला क्लासात सांगितलं होतं, पण माहीत असणं आणि गळी उतरणं यात फरक असतो.

मी म्हटलं, “इंग्लिश राहू दे. मराठीत सांग, सायकलबद्दल.”

ती ताठ बसली. “सायकल हे पर्यावरणपूरक वाहन आहे. सायकल चालवल्यामुळे शरीराला व्यायाम मिळतो...”

मला हसू आलं. तीही थबकली. “मॅडम, हे तर तेच झालं.”

“तेच. म्हणजे इंग्लिश बिचारं निर्दोष आहे.”

क्लासवाले शब्द वाढवायला सांगतात, व्याकरण घोटून घेतात. त्यांचं चूक नाही. पण हिला बाहेरून काही आणून द्यायची गरजच नव्हती. शाळेत निबंध लिहिताना आपल्याला एक शिकवण फुकटात मिळते, की विचारलं जाईल त्यावर ‘बरोबर’ बोलायचं आणि स्वतःला त्यातून वगळायचं. परीक्षा म्हटलं की मेघाच्या अंगात ती निबंधाची वही संचारायची.

पुढची दोन सत्रं अशीच गेली, ती सोडून देते. तिसऱ्या वेळी मी सायकलीचे फायदे नको म्हटलं, दुखणी विचारली. “तुझ्या सायकलीचं काय सारखं बिघडायचं?”

“चेन पडायची.”

“मग?”

“मग बसवायची.” आणि तिचे हात हलायला लागले. टेबलावर नसलेली सायकल तिनं उलटी केली. चेन आधी मागच्या चक्रावर घातली, पुढच्या चक्राच्या खालच्या दातात अडकवली, पायडल हळूच उलटं फिरवलं. झाल्यावर दोन्ही हातांची बोटं नकळत ओढणीला पुसली. ग्रीस कुठलं असायला तिथं! मी काही बोलले नाही. माझ्या धंद्यात कधी बोलू नये हे कळायला मला दहा वर्षं लागली आणि ते आता बऱ्यापैकी जमतं.

“एकदा काय झालं मॅडम, शिवाजी पुलाच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर चालला हुता. मी एका हातानं हँडल धरून ट्रॉलीतला ऊस ओढाय लागलो. ऊस काय निघंना आन् मी काय सोडंना. तसाच गेलो दहा-बारा पावलं, आन् पडलो की धाडकन! चेन पडली, दप्तर एकीकडं, आन् ऊस माझ्या हातात!”

माझ्या कानानं नेमकं काय टिपलं सांगते. तीन आठवडे ही मुलगी माझ्यासमोर ‘मी जाते’, ‘मी म्हणाले’ अशी पुस्तकी, इस्त्रीची मराठी बोलत होती. आणि आता ‘पडलो’ म्हणाली, घरात आईशी बोलताना कोल्हापूरची पोरगी म्हणते तसं. तो एक ‘लो’ ऐकला आणि मला कळलं, वही मिटली. पोटभर हसून झाल्यावर मी म्हटलं, “हेच आता इंग्लिशमध्ये.”

ती अडखळली, पण फक्त तीन ठिकाणी. चेन पडणं, ट्रॉली, आणि ‘ऊस निघंना’. ‘द चेन केम ऑफ’ हे मीच पुरवलं. ट्रॉलीला तिनं ‘ट्रॅक्टरच्या मागची गाडी’ म्हणून वेळ मारून नेली, तेही मान्यच. शब्द आठवला नाही तर वळसा घालून सांगता येणं याचंही तिथं मोल आहे. आणि गंमत बघा. फायद्यांच्या निबंधात साधा वर्तमानकाळ सोडून दुसरं काही नव्हतं. या गोष्टीत भूतकाळ आला, चालू भूतकाळ आला, ‘युज्ड टू’ आलं, आणि ‘तेव्हाच ऊस सोडला असता तर’ हेसुद्धा आलं. ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना तिथं सारखंच वजन असतं. व्याकरणाचं वैविध्य वेगळं घोटावं लागलं नाही, पडण्यातून उगवलं.

माझी घडण अल्बर्ट एलिसच्या विचारांवर झालेली. ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट माणसाला छळतो, असं म्हणणारा हा मानसशास्त्रज्ञ. त्यामुळं वाक्यातला ‘च’ मला लगेच टोचतो. मेघाचं पालुपद होतं, “चुकून चालणारच नाही.” सात हवेत हे खरंच होतं, नोंदणीची अटच आहे. पण मी तिला गुणांचं जाहीर वर्णन वाचायला लावलं. सातच्या पायरीवर बरीच वाक्यं बिनचूक असतात, काही चुका मात्र राहतात, असं परीक्षा घेणारेच लिहितात. तिनं ते दोनदा वाचलं. “म्हणजे चुका धरूनच सात?” हो बाई, धरूनच.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिल्याच दिवशी सांगते. विषय कुठलाही असो, त्यावरचा एक प्रसंग आधी घरच्या बोलीत, कुणा जित्या माणसाला सांगा. फोनवर रेकॉर्ड करा. मग तोच इंग्लिशमध्ये, आहेत त्या शब्दांत. जिथं अडाल तेवढेच शब्द शोधा, यादी पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येतं. पहिल्या भागात आधी थेट हो किंवा नाही म्हणा, मग तीन-चार वाक्यांत आपलं काहीतरी. हल्ली सायकल चालवत नसाल तर ‘नाही’ हेही पूर्ण चांगलं उत्तर आहे, त्यापुढं कधी आणि का सुटली ते सांगा.

आणि हो, ‘बाइक’. आपल्याकडं बाइक म्हणजे मोटारसायकल, तिकडं बहुतेक वेळा सायकल. उद्यमनगरातला एक मुलगा या प्रश्नावर बुलेटच्या सायलेन्सरबद्दल मनापासून बोलून आला होता. शंका आली तर प्रश्न पुन्हा विचारायला सांगा, त्याचे मार्क जात नाहीत. ‘डबलसीट’ही तिथं चालत नाही, मागं बसवून नेलं असं सरळ सांगावं.

मेघाच्या तिसऱ्या परीक्षेत सायकल आलीच नाही. पाऊस आला. संध्याकाळी फोन आला तिचा.

“मॅडम, २०१९ च्या महापुराचं सांगाय लागलो. म्हशी माडीवर कशा चढवल्या ते. बाईंनी मध्येच थांबवलं.”

“मग?”

“मग काय, त्यांची वेळ संपली असंल. मी पुढचा प्रश्न ऐकलो.”

बोलण्यात सात आले. लिहिण्यात सहाच, त्यासाठी ती परत बसतेय.