स्टॅन्विक्सचे नवे ओंडके आणि आपले थाळनेर

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असता न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी फोर्ट स्टॅन्विक्स पाहिला. १७७७ च्या वेढ्याचा किल्ला म्हणून दाखवतात, पण लाकूड तर कालचे वाटले. तो खरा समजावा काय? आणि तसेच आपला तापीकाठचा थाळनेर किल्ला पुन्हा का उभारू नये?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : लाकूड नवेच आहे. मोहॉक नदी आणि वुड क्रीक यांच्यामध्ये होड्या जमिनीवरून वाहून न्याव्या लागत, त्या वाटेच्या राखणीसाठी इंग्रजांनी १७५८ मध्ये माती व ओंडक्यांचा हा किल्ला बांधला. पूर आणि आग यांमुळे तो १७८१ मध्ये सोडून देण्यात आला व पुढे त्या जागेवर गाव वसले. १९७० च्या दशकात तेथील इमारती हटवून, उत्खननात सापडलेले अवशेष आणि जुने नकाशे यांच्या आधारे आजची तटबंदी उभारली गेली; तिचा गाभा काँक्रीटचा असून ओंडके दर्शनी आहेत.

वेढा मात्र खराच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात किल्ला बंडखोर अमेरिकनांच्या हाती होता; ऑगस्ट १७७७ मध्ये इंग्रज सेनानी सेंट लेजरने सुमारे तीन आठवडे तो घेरला होता, पण त्याच्या हलक्या तोफांना मातीचा तट दाद देईना. ६ ऑगस्टला त्याची बरीच माणसे ओरिस्कनीजवळ मदतीची फौज अडवण्यात गुंतली असताना, किल्ल्यातील अमेरिकन अधिकारी विलेट अडीचशे शिपायांनिशी बाहेर पडला आणि ओस पडलेल्या छावणीतून भांडी, घोंगड्या, निशाणे गाड्या भरभरून घेऊन आला. आपली चीजवस्तू गेल्याने इंग्रजांच्या बाजूचे मूलनिवासी योद्धे नाराज झाले. किल्ल्याच्या मदतीस निघालेल्या अमेरिकन सेनानी अरनॉल्डच्या फौजेविषयीच्या फुगवलेल्या बातमीने ते निघून गेले आणि वेढा उठला.

थाळनेरची गोष्ट वेगळी. स्टॅन्विक्सचे आयुष्य अवघे तेवीस वर्षांचे, त्यामुळे १७७७ सालचा किल्ला उभारायचा हे ठरवणे सोपे गेले. थाळनेरला १३७० च्या सुमारास खानदेशच्या फारुकी राजवटीचा संस्थापक मलिक राजा फारुकीने ठाणे केले, तर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉपने ते होळकरांच्या किल्लेदाराकडून घेतले. दरवाजाशी झालेल्या चकमकीत दोन इंग्रज अधिकारी पडल्यावर सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदार तुळशीराम यांना फाशी दिली गेली. पुढे विलायतेच्या पार्लमेंटनेही हिस्लॉपच्या आभाराच्या ठरावातून हे कृत्य वगळले होते. मग उभारायचे ते कोणते थाळनेर, मलिक राजाचे की तुळशीरामांचे? आमच्या मते तापीकाठचा उरलेला तट आणि फारुकींच्या कबरी यांची मोजणी, रेखाटणे आणि डागडुजी आधी व्हावी. दर्शनी ओंडक्यांचा विचार त्यानंतर.