सकाळचं कॉर्टिसॉल ४ (मायक्रोग्रॅम/डेसिलिटर) आलंय. अ‍ॅडिसन्स असेल का? गोळी आयुष्यभर घ्यावी लागते का?

कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं संप्रेरक; त्या ग्रंथीच निकामी झाल्या की तो अ‍ॅडिसन्स. ४ वर काही ठरत नाही. ३ च्या खाली असतं तर कॉर्टिसॉलची कमतरता जवळपास नक्कीच, १८ च्या वर असतं तर विषयच मिटला असता. मधल्यांनी एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट करायची: एसीटीएच म्हणजे पिट्युटरीचं, या ग्रंथींना कामाला लावणारं संप्रेरक; ते टोचून ग्रंथी किती कॉर्टिसॉल बनवतात ते बघतात. सोबत एसीटीएच, सोडियम, पोटॅशियम.

माझं निदान व्हायला दीड वर्ष गेलं. मी काळी पडत चालले होते आणि घरात सगळे उन्हाला बोल लावत होते. सासूबाईंनी हळद-बेसनही लावून झालं. मी मात्र दुपारी गुपचूप लोणच्याचा खार वाटीत घेऊन पीत होते. मिठाची ही ओढ, तो काळेपणा, दोन्ही याच आजाराची लक्षणं. शेवटी एका डॉक्टरांनी माझे तळहात खिडकीपाशी उजेडात धरले. रेषा पेनाने गिरवल्यासारख्या काळ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "घरात कुणाला टीबी झाला होता?" वडिलांना झाला होता. माझ्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी मलाही लागलेल्या टीबीनेच खाल्ल्या होत्या. टीबी बरा झाला, ग्रंथी काही परत आल्या नाहीत. तेव्हा हो, माझी गोळी आयुष्यभराची.

पुढच्या गणपतीत गावी गेलो. मोठे दीर म्हणाले, "स्टेरॉइडने हाडं पोखरतात, पंधरा दिवस सोडून तर बघ." मीही मूर्ख, सोडली. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी ओकाऱ्या सुरू झाल्या, वरचं बीपी ७०. तालुक्याच्या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सलाइन लावलं. संध्याकाळी मी उठून चहा मागितला. दीर आजही म्हणतात, मोदक बाधले.

अहो, शरीर रोज जे स्वतः बनवतं तेच आपण बाहेरून भरतो! दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीनदा विभागून, मोठा हिस्सा उठल्याउठल्या; बरोबर शरीरात मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन. हाडं पोखरतात ती गरजेपेक्षा जास्त घेतल्याने. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट. उलटीत गोळी टिकत नसेल तर सरळ इंजेक्शन, सकाळची वाट बघायची नाही. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोस वाढवावा लागतो, माझाही वाढवला होता.

एक राहिलं. दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा कुणाच्या पुड्यांतून बरेच महिने स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर त्यानेही कॉर्टिसॉल पडतं. त्यात माणूस काळा पडत नाही आणि ग्रंथी हळूहळू जाग्याही होऊ शकतात. तेव्हा डॉक्टरांना हे आधी सांगा. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे.

हे उत्तर दिरांनाही पाठवतेय. त्या दिवशी माझं सोडियम ११८ होतं, भावजी. मोदकाने एवढं उतरत नाही.